संगणक, उर्दू शाळा आणि आमची मुले

महाराष्ट्रातल्या जुन्या उर्दू हायस्कूलमध्ये गेलात तर व्हरांड्याच्या टोकाला एक खोली बहुधा दिसेल. दारावर 'कॉम्प्युटर लॅब' अशी पाटी असते आणि दाराला कुलूप असते. आत रांगेने मांडलेले संगणक, त्यांच्यावर प्लॅस्टिकची आवरणे आणि आवरणांवर धुळीचा थर. तपासणी आली की कुलूप निघते, आवरणे झटकली जातात. तपासणी आटोपली की पुन्हा जैसे थे.

यात सगळा दोष शाळांचा आहे असे मी म्हणणार नाही. २००४ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'आयसीटी ॲट स्कूल' ही योजना आणली आणि पुढे टप्प्याटप्प्याने शाळांना संगणक मिळाले. यंत्रांचा पुरवठा, देखभाल आणि शिकवायला एक निदेशक, असे सारे कंत्राटावर होते. कंत्राटाची मुदत साधारण पाच वर्षांची. मुदत संपली, निदेशक गेला, देखभाल थांबली आणि यंत्रे तेवढी शाळेत राहिली. आम्हा शिक्षकांना ती उघडता येत नव्हती. बी.एड.च्या अभ्यासात संगणकाचा भाग होता, पण त्यात हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरच्या व्याख्या होत्या. बंद पडलेल्या संगणकाचे काय करायचे, हे त्यात नव्हते.

मी २०१२ साली यंत्रमागांच्या एका गावातील उर्दू हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागले. आमच्याकडेही ती खोली होती आणि ते कुलूपही होते. हे कुलूप कोणी उघडले, त्यातून शाळेला काय मिळाले आणि मुलांना काय मिळाले, याचा हिशेब मला वाचकांपुढे मांडायचा आहे. कारण शाळेला काय मिळाले ते सगळे सांगतात. मुलांना काय मिळाले हे सहसा कोणी विचारत नाही.

कुलूप उघडले ते आठवीतल्या एका मुलामुळे. त्याचे वडील मोबाईल दुरुस्तीची टपरी चालवतात. शाळा सुटली की हा टपरीवर बसायचा. विजेचा धडा शिकवत असताना त्याने विचारले, "मिस, लॅब का एक कम्प्यूटर खोल के देखूँ?" हेडमास्तर साहेबांनी परवानगी दिली, पण दोन अटींवर. एक, मी समोर बसलेली असले पाहिजे. आणि दोन, काढलेला प्रत्येक स्क्रू वाटीत गेला पाहिजे.

दहा संगणक होते. मुलाने पहिल्याचे झाकण काढले, ब्रशने धूळ झाडली, मेमरीची पट्टी काढली आणि तिच्या सोनेरी कडा आपल्या कंपासपेटीतल्या खोडरबरने घासल्या. पट्टी परत बसवून बटण दाबले आणि पडदा उजळला. धातूच्या टोकांवर हवेने पुटे चढतात, वीज नीट जात नाही, खोडरबराने ती पुटे निघतात. हा माझ्याच विषयातला धडा होता. तीन संगणक तेवढ्याने चालू झाले. आणखी तीन, एकाचा भाग दुसऱ्याला लावून उभे राहिले.

पुढे एक वेगळीच अडचण आली. संगणक चालू व्हायचा, पण इंटरनेटचे कुठलेही पान उघडायला गेले की 'हे पान सुरक्षित नाही' असा इशारा यायचा. नववीतल्या एका मुलीच्या लक्षात आले की पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षे मागची आहे. आतल्या पट्टीवर हातातल्या घड्याळात असतो तसा एक बटन सेल असतो. तो संपला की वीज बंद होताच संगणक तारीख विसरतो. आणि वेबसाइटच्या ओळखपत्राला मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर असली की ते ओळखपत्र तो मान्य करत नाही. स्वस्तातले सहा सेल आणले आणि इशारा बंद झाला. निदेशकाविना पडून राहिलेली खोली दोन मुलांनी आणि एका खोडरबराने चालती केली, असे आम्ही आजही गमतीने म्हणतो.

मुलांनी शाळेला मदत करायची, ही कल्पना आमची नव्हे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिया येथे डेनिस हार्पर यांनी १९९६ साली असा एक उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थी एकेका शिक्षकाशी जोडी करून त्याला तंत्रज्ञान शिकवत. पुढे तो 'जनरेशन येस' या नावाने बऱ्याच शाळांत गेला. त्यामागचा विचार साधा होता. शाळेत शिक्षक मोजके असतात, मुले शेकड्यांनी. आणि या एका विषयात मुलांचा हात शिक्षकांपेक्षा लवकर वळतो. पण तिथल्या मुलांना एक प्रश्न पडला नसेल. आपली भाषा या यंत्रात शिरेल की नाही, हा तो प्रश्न. आमच्या मुलांपुढे तो पहिल्याच दिवशी उभा राहिला.

उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते. शब्दातले अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलते आणि जागाही बदलते. त्यामुळे इतर लिप्या शिशाच्या खिळ्यांनी छापल्या जात असताना उर्दू वर्तमानपत्रे कातिबाच्या हातानेच लिहिली जात होती. ही कोंडी फुटली ती मिर्झा अहमद जमील यांच्यामुळे. त्यांनी हजारो अक्षरजोड हाताने लिहून काढले, मोनोटाइप कंपनीने ते यंत्रात उतरवले आणि 'नूरी नस्तालीक' तयार झाली. १९८१ साली लाहोरचे दैनिक 'जंग' त्या लिपीत संगणकावर जुळवून निघाले. नव्वदच्या दशकात 'इनपेज' आले आणि आपल्याकडच्याही उर्दू छापखान्यांतून कातिबाची बैठक उठली.

पण इनपेजमधला जुना मजकूर वेबसाइटवर चढत नसे. त्याची अक्षरसंकेताची पद्धत स्वतःची, वेगळी होती. म्हणून कित्येक वर्षे उर्दू वेबसाइटवर मजकूर म्हणजे मजकुराचे चित्र असायचे. ते वाचता यायचे, पण त्यात शब्द शोधता येत नसे. युनिकोड रुजले, २००८ साली 'जमील नूरी नस्तालीक' हा फॉन्ट फुकट मिळू लागला, २०१४ साली गूगलचा 'नोटो नस्तालीक उर्दू' आला, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला. आमच्या शाळेने वेबसाइटचे काम काढले ते त्यानंतर, २०१६ साली. एवढी वर्षे उर्दू शाळांच्या वेबसाइट का नव्हत्या, असे कोणी विचारले तर आळस हे त्याचे एकच उत्तर नाही, हे सांगण्यासाठी मी हा इतिहास दिला.

वेबसाइट वर्डप्रेसवर करायचे ठरले. मजकूर टंकायला मुली बसल्या. इनपेजमधल्या जुन्या सूचना त्यांनी पुन्हा पहिल्यापासून टंकल्या. मग अडचणी सुरू झाल्या. वाक्याच्या शेवटी दिलेले उद्गारचिन्ह उडी मारून सुरुवातीला जाऊन बसे. शाळेचा दूरध्वनी क्रमांक गावाच्या कोडनंतर जागा सोडून लिहिला की कोड मागे आणि क्रमांक पुढे दिसे. कारण उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि आकडे डावीकडून उजवीकडे. दोघे एका ओळीत आले की कोणाची दिशा धरायची हे यंत्राला सांगावे लागते. मुलींनी क्रमांक सलग लिहिला, परिच्छेदाची दिशा बदलली, आणि हे सारे एका वहीत टिपून ठेवले.

सगळ्यात छळले ते 'काफ' या अक्षराने. 'किताब' हा शब्द पानावर डोळ्यांना दिसतो आहे, पण शोधा म्हटले तर संगणक म्हणतो, असा शब्द नाही. दोन दिवस शोधल्यावर एका मुलीला उलगडा झाला. काही मजकूर अरबी कळफलकावर टंकलेला होता. अरबीचे काफ आणि उर्दूचे काफ शब्दाच्या सुरुवातीला सारखेच दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. 'ये'चेही तेच. माणसाला एक दिसणारी दोन अक्षरे यंत्राला दोनच. तिने सगळी अरबी काफ बदलून घेतली आणि शोध लागू लागला. ही मुलगी वर्गात कधी हात वर करत नसे. त्या दिवशी तिने फळ्यासमोर उभे राहून आम्हा पाच शिक्षकांना दोन काफांमधला फरक समजावून दिला. आमच्या उर्दूच्या सरांनी तो आपल्या वहीत उतरवून घेतला.

मराठी पानाची गोष्ट तर मला जास्त महत्त्वाची वाटते.

वेबसाइट कशाला हवी, कोणासाठी हवी, यावर मुलांचीच बैठक घेतली होती. पालकांसाठी उर्दू, असे सगळे म्हणाले. तेव्हा दहावीतली एक मुलगी उभी राहिली. ती आदल्या आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी एका कार्यालयात गेली होती. तिथे शाळेचे नाव वाचून तिला विचारले गेले, "मदरशात विज्ञान असतं का गं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते, असे तीच म्हणाली. त्यांना खरेच माहीत नव्हते. "मिस, सब से पहले ये लिखना है कि हमारा स्कूल क्या है, और मराठी में लिखना है."

उर्दू माध्यमाची शाळा म्हणजे मदरसा, हा समज आपल्या शेजारात किती पसरला आहे ते वाचकांना मी सांगायला नको. आपण त्यावर चिडतो, भाषणे करतो. मुलांनी पाच वाक्ये लिहिली. आमची शाळा शासनमान्य आहे. आमची पुस्तके बालभारतीची आहेत. मराठी शाळेतल्या मुलांची आणि आमची विज्ञान-गणिताची पुस्तके एकच आहेत, फक्त भाषा वेगळी. आम्हीही दहावीला राज्य मंडळाचीच परीक्षा देतो. आणि आम्ही मराठी शिकतो.

ही वाक्ये लिहिताना पंचाईत झाली, ती 'शाळा' या शब्दाची. उर्दूत 'ळ' नाही. आमची मुले 'शाला' म्हणतात, 'फला' म्हणतात आणि तसेच लिहितात. परीक्षेत त्याबद्दल गुण कापले जातात, पण गुण कापल्याने 'ळ' येत नाही. इथे मात्र तो शब्द शाळेच्या नावाने पडद्यावर जाणार होता, गावाने वाचायचा होता. मराठीच्या सरांनी मुलांना इन्स्क्रिप्ट कळफलक दाखवला. त्यावर 'ल' आणि 'ळ' एकाच कळीवर आहेत. नुसती दाबली की 'ल', शिफ्टसह दाबली की 'ळ'. 'म' आणि 'ण' यांचेही तसेच. मुलांना ही युक्ती इतकी आवडली की बोलतानाही 'शाला' तोंडून निघाले की दुसरा लगेच ओरडे, "शिफ्ट दबा!" त्या वर्षी दहावीच्या निबंधात 'ळ' नीट आला, असे मराठीच्या सरांनी मुद्दाम येऊन सांगितले.

ते पान कोणी वाचले? फार नाही. पण गावातल्या एका मराठी शाळेच्या विज्ञान शिक्षिकेने वाचले आणि आमच्या मुलांना त्यांच्या विज्ञान प्रदर्शनाला बोलावले. दोन शाळांच्या मध्ये एक नाला आणि एक पूल आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमची मुले दप्तर घेऊन तो पूल ओलांडून गेली.

सगळ्यात जास्त उघडले गेलेले पान वेगळेच निघाले. जुना दाखला काढायचा असेल तर काय करावे, कोणते कागद आणावेत, कोणत्या वारी यावे, हे सांगणारे ते साधे पान. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. त्यानंतरच्या महिन्यांत आपल्या मोहल्ल्यांतून कागदपत्रांची किती धास्ती होती ते आपण पाहिले आहे. साठी उलटलेल्या बायका तिसरी-चौथीपर्यंत शिकलेल्या, जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळेच्या दारात येऊन बसत. कोणी दोन-दोन खेपा घालत, दिवसाची मजुरी बुडवत. मुलांनी ती यादी उर्दूत आणि मराठीत पानावर घातली आणि मोहल्ल्यातल्या मोबाईलच्या दुकानांत पत्ता लावला. खेपा कमी झाल्या. नातवाने आजीला पान वाचून दाखवावे आणि आजीने नेमके कागद घेऊन यावे, असे व्हायला लागले.

मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आमच्याकडे एका घरात एक मोबाईल, तोही वडिलांसोबत बाहेर जाणारा. आणि यंत्रमाग बंद पडल्याने रिचार्जला पैसे नाहीत. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात. पुस्तकात असे कोड वापरण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी केला आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, हे सर्वांना माहीत आहे. पण कोड पुस्तकात असणे वेगळे आणि तो घरात उघडणे वेगळे. आमच्या नववी-दहावीच्या मुलींनी गल्ल्या वाटून घेतल्या. प्रत्येकीकडे पाच-सहा घरे. मोबाईल घरी येई रात्री आठला. तेव्हा त्या ओट्यावर बसून शेजारच्या अम्मी-खालांना 'दीक्षा' कसे उघडायचे, धडा एकदा उतरवून घेतला की पुन्हा पैसे का लागत नाहीत, ते समजावत. ज्या धड्यांचे उर्दूत काही मिळत नव्हते ते धडे त्यांनी स्वतःच्या आवाजात वाचून पाठवले. त्यात मागे कोंबडा आरवतो, कुकरची शिट्टी होते. लहान मुलांनी ते ऐकले, कारण आवाज ओळखीचा होता.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला गोड आहे. आता दुसरी बाजू.

शाळेत एखादा मुलगा 'कम्प्यूटरवाला' म्हणून ठरला की त्याचे काय होते ते मी पाहिले आहे. प्रोजेक्टर लागत नाही, बोलवा त्याला. प्रिंटरमध्ये कागद अडकला, बोलवा त्याला. ऑनलाइन माहिती भरायची आहे, बोलवा त्याला. ज्या मुलाने खोली उघडली त्याला एका दिवसात तीन तासांवरून उठवले गेले. सहामाहीत त्याचे गुण घसरले. वडील टपरी बंद करून शाळेत आले. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, "साहब, मिस्त्री तो ये मेरे पास भी बन जाता. यहाँ पढ़ने भेजा है."

या वाक्याने आमच्या स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली. आपल्या समाजात मुलांच्या हातांना लवकर काम लागते. आमच्या गावात सहावीतली मुले सुट्टीच्या दिवशी कांड्या भरतात. त्या हातांना शाळेनेही फुकटचे काम लावायचे असेल तर शाळेत आणि कारखान्यात फरक काय? मी तेव्हाही म्हटले होते आणि आजही म्हणते, की मुलाने शाळेला मदत करावी, पण त्या मदतीतून तो शिकतो आहे की नाही हे पाहणे शिक्षकाचे काम आहे. पहिल्यांदा प्रोजेक्टर जोडला तेव्हा तो शिकला. पन्नासाव्यांदा जोडतो तेव्हा तो राबतो आहे.

हेडमास्तर साहेबांनी ते मनावर घेतले आणि काही नियम झाले. तासावरून कोणालाही उठवायचे नाही. संगणकाचे काम मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर, आठवड्यातून दोन दिवस. प्रत्येक शिक्षकाने प्रोजेक्टर स्वतः जोडायला शिकायचे, आणि ते मुलांनीच शिकवायचे. 'सरल' आणि 'यू-डायस'ची माहिती शाळेनेच भरायची. त्यात मुलांचे आधार क्रमांक असतात, बँकेची खाती असतात. ते पासवर्ड कोणत्याही मुलाच्या हाती जाता कामा नयेत, मग तो कितीही हुशार असो.

फोटोंचाही प्रश्न आला. स्नेहसंमेलनात नात म्हणणाऱ्या मुलींचा फोटो वेबसाइटवर टाकावा अशी काहींची इच्छा होती. एका आईने नाही म्हटले. स्टाफमध्ये कोणी तिला मागासलेली म्हणाले. मला तसे वाटत नाही. आपल्या मुलीचा चेहरा कोण कुठे वापरील याची काळजी वाटणे यात मागासलेपण नाही. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला, त्यातही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असे म्हटले आहे. त्या आईला कायदा माहीत नव्हता, पण तिचे म्हणणे तेच होते. आता आम्ही चेहरे न दाखवता मुलांच्या कामाचे फोटो टाकतो आणि त्यासाठीही आधी घरून सही आणतो.

मुलींचा आणखी एक प्रश्न होता. खोली उघडल्यावर आपोआप कामाची वाटणी झाली. मुले यंत्र उघडत आणि मुली टेबल पुसत. कोणी सांगितले नव्हते, घरात पाहिलेले इथे आले. मग पेचकस पाळीने फिरवायचा नियम केला. हजेरीच्या क्रमांकाने ज्याची पाळी त्याने उघडायचे, पुढच्या क्रमांकाने टेबल पुसायचे. आज आमच्याकडे सगळ्यात चांगले दुरुस्तीचे हात दोन मुलींचे आहेत. त्यातल्या एकीच्या अब्बांनी परवा घरचा पंखा तिच्याकडे दिला.

आमचे हे सारे एका शाळेपुरते, हेडमास्तर साहेबांच्या मर्जीवर आणि दोन-तीन शिक्षकांच्या उत्साहावर चालले आहे. केरळने तेच राज्यभर करून दाखवले. तिथे २००१ साली शाळांसाठी 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. त्याचीच पुढे 'काइट' ही संस्था झाली. मुस्लिम बहुसंख्येच्या मलप्पुरम जिल्ह्यात २००२ साली 'अक्षय' योजना सुरू झाली, ती घरटी एका माणसाला संगणक शिकवण्यासाठी. २००९ साली 'स्कूल विकी' आले. त्यावर राज्यातल्या शाळांना आपापले पान आहे, मल्याळममध्ये, आणि ते शिक्षक व विद्यार्थी मिळून लिहितात. शाळेचा इतिहास, गावाच्या नावाची कथा, जुने विद्यार्थी, सारे त्यात येते. आणि जानेवारी २०१८ मध्ये 'लिटिल काइट्स' सुरू झाले. आठवीतल्या मुलांची चाचणी घेऊन प्रत्येक हायस्कुलात एक तुकडी बनते. तिला ठरलेले प्रशिक्षण मिळते, शिबिरे होतात, शेवटी प्रमाणपत्र मिळते. आणि ही मुले वर्गातल्या यंत्रांची काळजी घेण्यात शाळेला हात देतात. दोन हजारांहून अधिक शाळांत अशा तुकड्या आहेत.

मला त्यातला मोठा आकडा तितका महत्त्वाचा वाटत नाही, जितकी त्यातली नोंद. तिथे मुलाने केलेल्या कामाला नाव आहे, वेळ आहे, शिकवणारा माणूस आहे आणि शेवटी हातात कागद आहे. आपल्याकडे स्काऊट-गाईड आहे, एनसीसी आहे. संगणकाची अशी तुकडी शाळाशाळांत झाली तर 'बोलवा त्याला' हे थांबेल. सरकारने करावे तेव्हा करावे. पण शाळेच्या लेटरहेडवर एक प्रमाणपत्र लिहून द्यायला सरकार लागत नाही. आमच्या शाळेने तेवढे सुरू केले आहे. अमुक विद्यार्थिनीने शाळेच्या वेबसाइटचे उर्दू व मराठी टंकलेखन दोन वर्षे केले, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. एका मुलीने ते पॉलिटेक्निकच्या प्रवेशाच्या वेळी फाईलमध्ये सर्वांत वर लावले होते.

आणखी एक धडा अनुभवाने मिळाला. मुले दहावी होऊन जातात आणि त्यांच्याबरोबर सगळे जाते. आमची पहिली वेबसाइट अशीच गेली. ती करणारा मुलगा शिकायला पुण्याला गेला, पासवर्ड त्याच्या जुन्या मोबाईलमध्ये, आणि तो मोबाईल विकलेला. कित्येक शाळांच्या वेबसाइटवर वर्षानुवर्षे जुनी सूचना लटकलेली दिसते, त्यामागे बहुतेक वेळा अशीच काहीतरी हकीकत असते. आता पासवर्ड शाळेच्या कपाटात बंद पाकिटात असतो. आणि दोन काफांचा घोळ, उद्गारचिन्हाची उडी, बटन सेल, शिफ्टमधला 'ळ' हे सारे ज्या वहीत टिपले होते ती वही आता शाळेची झाली आहे. दर वर्षी दहावीची मुले ती आठवीच्या मुलांना शिकवून देतात आणि नवे काही कळले असेल तर खाली लिहून तारीख घालतात. त्या वहीत अक्षरे बदलत जातात, शाईचा रंग बदलत जातो. काही पाने उर्दूत आहेत, अलीकडची काही मराठीत.

वाचकांपैकी अनेकजण अशाच शाळांतून शिकून आता चांगल्या ठिकाणी आहेत. काही संगणकाच्याच क्षेत्रात आहेत. आपल्या जुन्या शाळेला संगणक भेट द्यावा असे कोणाच्या मनात आले तर जरूर द्यावा. पण त्याआधी एक शनिवार शाळेत जाऊन बसावे आणि तिथली मुले काय करू शकतात ते त्यांनाच विचारावे. यंत्रे आमच्याकडे यापूर्वीही आली होती. ती चालवायला घेतली मुलांनी, आणि त्या मुलांशेजारी बसायला माणसे कमी आहेत.